आत्मारामशेटच्या तराजूतला गूळ

गुळाचा खडा ठेवलेलं तराजूचं पारडं आपोआप खाली गेलं आणि हॉलमधल्या बायकांनी पदर, ओढणी, मफलर, जे हाताला लागलं ते तोंडाला लावलं.

"पाहिलंत? पाहिलंत ना?" तुळानंद महाराज डोळे मिटूनच ओरडले. "मी हात लावला? नाही! वारा आला? खिडक्या बंद! हीटिंगसुद्धा बंद करून घेतलंय मी. हा शेट बोलतोय, शेट! दीडशे वर्षं तोंड बांधून बसला होता, आज जर्मनीत, झिंडेलफिंगेनात बोलतोय!"

बोलायला शेटला एवढ्या लांब कशाला यावं लागलं, हा प्रश्न त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही पडला नाही. सगळी माणसं शिकलेली. कुणी सॉफ्टवेअर लिहिणारे, कुणी इंजिनं बनवणारे. प्रश्न पडला तो फक्त मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या क्षितिजाला, आणि तिचीच तर मुलगी पुढं बसली होती.

"दुष्काळात शेटनं गुळाच्या मापात पाप केलं," महाराजांचा आवाज घोगरा झाला. "लोकांच्या तोंडची गोडी चोरली! चोरलेली गोडी कुठं जाते? रक्तात जाते. पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते आणि एक दिवस निष्पाप लेकराच्या रक्तात साखर होऊन उतरते!"

त्यांचं बोट पुढं बसलेल्या उर्जाकडे गेलं. आठ वर्षांच्या उर्जानं पोटावरचा इन्शुलिनचा पंप स्वेटरखाली झाकून घेतला. तिला टाइप वन मधुमेह होता. तिचं शरीर इन्शुलिन बनवतच नव्हतं, त्यामुळे तो पंप म्हणजे तिचा श्वास होता. क्षितिजाला वाटलं, पुढं जाऊन ते बोट मोडून टाकावं.

पण सर्वांत मोठा घोळ घातला होता तिच्याच नवऱ्यानं. पुष्कर गाड्यांचे ब्रेक तपासण्याच्या खात्यात होता. कार्यक्रमाआधी त्यानं खिशातून जाडजूड लोहचुंबक काढून सगळ्यांसमोर तराजूची पारडी, साखळ्या, दांडी, वजनं तपासली होती. चुंबक कशालाच चिकटलं नाही. चिकटणार कसं? सगळं शुद्ध पितळेचं. शिवाय तराजू महाराजांचा नव्हताच. तो पुष्करच्या पूर्वजाच्या, आत्मारामशेटच्या दुकानातला, पुष्करच्या आईनं, सुरेखाबाईंनी, मराठी मंडळाच्या 'आमचे पूर्वज' प्रदर्शनासाठी भारतातून सामानात घालून आणलेला. "यात काही ट्रिक नाही," असं पुष्करनं माईकवर सांगितलं आणि तिथंच महाराजांचं अर्धं काम झालं.

"येत्या शनिवारी पापक्षालन," महाराज म्हणाले. "वंशजानं स्वतःच्या हातानं गूळ अर्पण करायचा आणि ते यंत्र अंगावरून उतरवायचं. पुन्हा लावायचं नाही. शेट सुटला की लेकरू सुटलं!"

सगळे गाडीनं घरी आले. उर्जा झोपायला गेल्यावर क्षितिजानं दार लोटून घेतलं.

"पंप काढायचा म्हणजे काय, हे तुला कळतंय ना पुष्कर?"

"फक्त दोन दिवस काढून बघू. साखर मोजणारा सेन्सर असेलच की दंडावर. आकडे बघत राहू."

"दोन दिवसांत ती कोमात जाईल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मरेल ती!"

पुष्कर टेबलावर कोपरं टेकून बसला. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? गेलं वर्षभर तो अलार्म वाजला की माझं काळीज थांबतं. ते सगळं एकदा संपेल असं कुणी म्हणालं, तर मी ऐकूसुद्धा नको? आणि मी चेक केलंय क्षितिजा. मी स्वतः चेक केलंय."

तिला त्याची दया आली आणि रागही आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण हा तर काडी हातात घेऊन पोरीलाच पाण्यात ढकलायला निघाला होता.

सुरेखाबाई कोपऱ्यात तराजू पुसत बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या घरात असं कधी ऐकलं नाही गं. तुझ्या सासऱ्यांचे पणजोबा ते. एका बैलावर गोणी घालून तालुक्याला आले आणि पेठेत धान्याचं, गुळाचं दुकान थाटलं. पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरीनं सवतीचं पोर आपल्या चौघांत वाढवलं. दुष्काळात शेट माप शिगोशीग भरायचे, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. आणि आता हा माणूस म्हणतो, चोर होते."

"आई, त्या महाराजांना हे सगळं कुणी सांगितलं? बैल, दोन बायका, पाच मुलं?"

"त्यांना दिसतं म्हणे."

"तुम्ही प्रदर्शनासाठी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं ना? कुणाला पाठवलंत?"

"शोभनाताईंना. मंडळाच्या सेक्रेटरी ना त्या?" सुरेखाबाईंचा हात थांबला. महाराज उतरले होते ते शोभनाताईंकडेच.

"गेनाऊ, तेच तर," क्षितिजा म्हणाली. "आता मला आणखी एक सांगा. तराजू आपला, वजनं आपली, मग गूळ त्यांचा का?"

"तो सिद्ध केलेला आहे म्हणून," पुष्कर म्हणाला, पण आवाजात मघासारखा जोर नव्हता.

एवढ्यात दार उघडलं. उर्जा अनवाणी उभी होती. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना जर्मनच तोंडात येई. "बिन इश शुल्ड?" तिनं बाबाकडे बघून विचारलं. माझा दोष आहे का, असं विचारत होती पोर. पुष्कर तिला उचलून आत घेऊन गेला. त्यानं काय उत्तर दिलं ते क्षितिजाला ऐकू आलं नाही.

शनिवारी हॉल आणखी भरला. फ्रँकफर्टहूनसुद्धा माणसं आली होती. चमत्कार म्हटलं की आपल्या लोकांना अंतर जाणवत नाही. क्षितिजाही आली. पंपाला कुणी हात लावला तर पोलिसांना बोलवीन, असं तिनं पुष्करला घरीच बजावलं होतं. पर्समध्ये जादा इन्शुलिन होतं.

चौरंगावर जमिनीपर्यंत लोळणारं रेशमी वस्त्र. त्यावर स्टँडला टांगलेला तराजू. चौरंगाला अगदी खेटून, गुडघा त्या वस्त्राखाली सारून, महाराजांचा शिष्य दत्ता टाळ घेऊन बसला होता. परवाही तो तिथंच होता. एवढी सगळी जागा सोडून माणूस एकाच कोपऱ्यात का चिकटतो, असं क्षितिजाला वाटून गेलं.

महाराजांनी लिंबाएवढा गुळाचा खडा एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्यात पितळी वजनं घालून दांडी समतोल केली. वजनं जुनी, शेर-छटाकांची. त्यांचा हिशेब त्या हॉलमध्ये कुणाला येणार?

सुरेखाबाई अचानक उभ्या राहिल्या. "महाराज, शेट बोलतायत ना? मग त्यांना एक विचारते. तुमच्यामागं दुकानाच्या गादीवर कोण बसलं?"

रेकॉर्डिंगमध्ये हे नव्हतं. महाराजांनी अंदाजानं ठोकून दिलं. "थोरला मुलगा! दुसरं कोण बसणार?"

"बसली ती लेक. भागीरथी. ऐन तारुण्यात विधवा झाली. गाव म्हणालं, हिचं केशवपन करा. शेटनी तिला घरी आणून गादीवर बसवलं. गावानं दुकानावर बहिष्कार घातला, तरी ते हटले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात लेकी-सुनांना सांगतात. शेट ती विसरतील?"

कुजबुज झाली. महाराजांनी ती मोठ्या आवाजानं दाबली. "आत्म्याला ऐहिक तपशील राहत नाहीत! वंशज, ये! गूळ हातात घे, नमस्कार कर, पारड्यात परत ठेव!"

बैल, बायका, मुलं ही ऐहिक नव्हती वाटतं, असं क्षितिजाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

उर्जा पुढं झाली. तिनं खडा उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं केलं ते, जे ती घरीदारी प्रत्येक घासाआधी करायची. खाण्यात साखर किती जाणार हे मोजूनच तिला इन्शुलिन घ्यावं लागे, म्हणून तिच्या पाठीवरच्या पिशवीत कायम एक छोटा वजनकाटा असायचा. तिनं तो जमिनीवर ठेवला आणि वर गुळाचा खडा.

"अगं, तो खायचा नाही!" महाराज ओरडले.

उर्जानं प्रसादाच्या ताटातला तेवढाच खडा उचलून काट्यावर ठेवला. मग पुन्हा पहिला. "दास श्टिम्ट निष्ट," ती म्हणाली आणि आईकडे वळून, शब्द शोधत, मराठीत सांगितलं, "हे बरोबर नाही. हा तिप्पट आहे. गूळ एवढा जड नसतो."

दत्ता गुडघ्यांवरच पुढं सरकत खड्यावर झेपावला. पण सुरेखाबाई जवळ होत्या. त्यांनी खडा उचलला.

"वाण्याच्या घरची सून आहे मी. आत बघितल्याशिवाय गूळ घेत नाही." त्यांनी पारड्यातलं पितळी वजन उचलून खड्यावर मारलं. गूळ फुटला आणि आतून लोखंडाची गोळी निघाली. टण्‌कन फरशीवर पडली, घरंगळत दत्ताजवळ गेली आणि उडी मारून त्याच्या गुडघ्याला चिकटली.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

पुष्कर सावकाश पुढं गेला. त्यानं दत्ताचा पायजमा वर केला. गुडघ्याला पट्ट्यानं बांधलेलं लोहचुंबक, त्याच्या स्वतःच्या खिशातल्यापेक्षा कितीतरी जबर. समतोल तराजूला ढळायला असं कितीसं लागतं? गुडघा वर केला की पाप, खाली घेतला की पुण्य.

"मी तराजू तपासला," पुष्कर माईकवर म्हणाला. "गूळ तपासला नाही. माणूस तपासला नाही. ब्रेक अर्धेच तपासून मी कधी गाडी रस्त्यावर सोडली नसती. आणि माझ्या मुलीला मात्र सोडायला निघालो होतो."

"पण ते मनातलं ओळखायचे हो!" शोभनाताई रडवेल्या झाल्या.

"ओळखायचे नाहीत, ऐकायचे," क्षितिजा म्हणाली. "आईंचं रेकॉर्डिंग तुमच्याच फोनमध्ये आहे ना? त्यात जे होतं ते त्यांना 'दिसलं'. नव्हतं ते दिसलं नाही."

महाराज गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाले होते. "परीक्षा पाहणाऱ्यांना शेट क्षमा करणार नाही," एवढं पुटपुटले. नवल म्हणजे, दोघातिघांनी तरीही त्यांच्या पायाला हात लावला. आपल्या लोकांना फसायचीही सवय लागते. शोभनाताईंच्या यजमानांनी मात्र दारातच फोन कानाला लावला आणि पोलिसांना पत्ता सांगितला.

क्षितिजानं पुष्करच्या हातातला माईक घेतला. "कुणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. देवाला नमस्कार करा, पूर्वजांची आठवण काढा. पण जो माणूस आजारी लेकराचं औषध काढून घ्या म्हणतो, तो महाराज असो, वैद्य असो की सख्खा नातेवाईक, त्याचं ऐकू नका. डॉक्टरला विचारा. चमत्कार दिसला तर सगळं तपासा. आणि ज्याला आपण हात लावू नये असं तो म्हणतो, ते आधी तपासा."

लोक पांगू लागले. पुष्कर फरशीवर उर्जासमोर बसला. वर्षभर न झोपलेला तो चेहरा ओला झाला होता.

"त्या दिवशी तू मला विचारलंस. मी म्हणालो, बघू. चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझं शरीर इन्शुलिन बनवत नाही. का, ते डॉक्टरांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण तू काही केलेलं नाहीस. आजीनं नाही, आईनं नाही, शेटनं तर मुळीच नाही."

उर्जानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नीमांड?" तिनं विचारलं. कुणीच नाही?

"कुणीच नाही, बाळा."

तिनं स्वेटर वर केला आणि पंप बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा.