पाठमोरा परीक्षक

गाणे संपले होते आणि कुणीच बोलत नव्हते.

नियमच तसा होता. परीक्षकाच्या तोंडून पहिला शब्द निघेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहायचे. परीक्षकाने बसायचे तेही सगळ्यांकडे पाठ करून, गाणे कुणी आणले हे चेहऱ्यांवर वाचता येऊ नये म्हणून. मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉकवर जीव टाकणारी गान्झी गावातली ही काळ्या कातडी जाकिटांची मंडळी महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गालेबोएच्या टायरच्या आवारात जमायची. प्रत्येकाने इतरांनी न ऐकलेले एक गाणे गालेबोएकडे गुपचूप सोपवायचे, त्याने नाव न सांगता ते वाजवायचे, आणि ज्याची पाळी असेल त्याने दहापैकी गुण द्यायचे. जिंकणाऱ्याला निखाऱ्यावरच्या मांसाचा पहिला तुकडा आणि हरलेल्यांची टर उडवण्याचा हक्क. त्यापलीकडे बक्षीस नव्हते, आणि कुणाला हवेही नव्हते.

आज पाळी सेआबेलोची होती. आडव्या टायरवर, पत्र्याच्या कुंपणाकडे तोंड करून तो बसला होता. उन्हाने पत्रा पांढरा पडला होता आणि त्या पांढऱ्यात त्याला काहीच दिसत नव्हते.

कारण आत्ता वाजले ते त्याचे गाणे होते.

चार वर्षे त्याने ते रचले होते. मकगडिकगडीच्या मिठाच्या विराण सपाटीवर एकदा गाडी बंद पडली, तेव्हा ते सुचल्यासारखे वाटले, म्हणून त्याचे नाव त्याने 'मीठ' ठेवले. सात मात्रांची चाल. मग जिथे सम यावी तिथे ती येतच नाही, क्षणभर पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखी. आणि शेवटी गिटारचे ते संथ उतरणे. पुढच्या महिन्यात माउनच्या महोत्सवात त्याचा बँड ते पहिल्यांदा वाजवणार होता. भिंतींवर चिकटवलेल्या जाहिरातींत 'रचना: सेआबेलो' असे छापून आले होते. वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या झेलत काढलेल्या आयुष्यात त्याच्या नावापुढे छापले गेलेले ते पहिलेच काही. बँडबाहेर ते गाणे कुणाला दिलेले नव्हते. मग या स्पीकरमधून ते आले कसे?

आणि मागे, गाणे चालू असताना, कुणाच्या तरी बुटाने जमिनीवर ठेका धरला होता. अचूक. त्या लंगड्या तालात पहिल्याच ऐकण्याला असा पाय पडत नाही. ओआराबिलेचा पाय. त्याच्याच बँडचा ड्रमवाला. अलीकडे फ्रान्सिसटाउनला, जिथे दुसरा एक मेटल बँड होता, वरचेवर जाणारा ओआराबिले.

"शेवटचा भाग पुन्हा लाव," सेआबेलो वळून न बघता म्हणाला.

"परीक्षकसाहेब, एकदाच ऐकायचं. नियम तूच काढलायस," गालेबोए म्हणाला. निखाऱ्यावर चरबी चरचरली.

"लाव म्हणतो ना."

गिटार पुन्हा उतरू लागली. आता त्याने सुरांखाली कान लावला. खाली एक बारीक, अखंड खरखर होती. म्हणजे चोरून टिपलेले. सरावाच्या शेडमध्ये कुठेतरी, कापडाखाली, फोन लपवून. नियम मोडून तो वळला.

"फ्रान्सिसटाउनच्या पोरांना काय दिलंस, ओआराबिले?"

"काय दिलं? आहेर दिला! मावशीच्या पोरीचं लग्न होतं, मोन्ना, भल्या माणसा. ब्लँकेट दिलं, सोबत एक बकरी. बिल बघायचंय?"

दोघेतिघे हसले. सेआबेलो हसला नाही. "हे 'मीठ' आहे. आपलं. तुझा पाय ओळखून हलत होता."

"हलणारच. चार वर्षं घासून घेतलंयस माझ्याकडून, झोपेतसुद्धा हलतो. बायको लाथा घालते." ओआराबिलेने टोपी मागे सारली. मग त्याच्या आवाजातली गंमत आटली. "मला वाटलं तूच टाकलंयस. स्वतःच परीक्षक, स्वतःचंच गाणं, स्वतःलाच दहा. मनात म्हटलं, छाती आहे गड्याची. आणि तू मला चोर ठरवतोस? नीट ऐक जरा. हे ड्रम माझे नाहीत. हा कुणीतरी माझ्यापेक्षा बरा वाजवतो. हे मी तुला फुकट सांगतोय, आणि पुन्हा सांगणार नाही."

ते खरे होते. एवढी स्वच्छ थाप ओआराबिलेच्या हातात नव्हती, आणि सेआबेलोला ते आधीच ऐकू यायला हवे होते. पण संशय एकदा उठला की त्याला बसायला जागा लागते. तो ओआराबिलेवरून उठून गालेबोएवर जाऊन बसला. सगळी गाणी जातात ती याच्याच हातून.

"माझ्याकडे बघू नकोस," चिमट्याने मांस उलटत गालेबोए म्हणाला. "मी टायर विकतो, सूर नाही. आणि नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या महिन्यात कुणी गाणं देईल का मला?"

"माझं आहे."

आवाज बाभळीखालून आला. फात्सिमो तिथे आल्याच्या सरबताचा, गेमेरेचा, पेला धरून उभी होती. मंडळीतली सगळ्यात धाकटी, वारलेल्या तेबात्सोची बहीण.

"तुझं म्हणजे?"

"मी दिलेलं. तेबात्सोच्या पेटीतली कॅसेट. वाजवणारे पोलंडचे की कुठले. वेष्टनावरचं नाव पुसलंय, साल तेवढं राहिलंय." तिने ते साल सांगितले. तेबात्सो जिवंत होता तेव्हाचे. सेआबेलोच्या हाती पहिली गिटार यायच्याही आधीचे.



तेबात्सो जोहान्सबर्गच्या खाणीतून परतला तो खोकला आणि कॅसेटची एक पेटी घेऊन. सोळा वर्षांचा सेआबेलो त्यांच्या घरात गार जमिनीवर दुपारच्या दुपार आडवा पडलेला असे. तेबात्सो एकामागून एक कॅसेट लावी आणि नावे सांगण्याइतका दम त्याला नसे. त्या निनावी सुरांतून सेआबेलो किती वेळा झोपेत उतरला असेल, आणि झोपेने त्यातले काय काय आपल्यापाशी ठेवून घेतले असेल, हे आता कोण सांगणार?

आणि ती खरखर. चोरून टिपल्याची नव्हती ती. झिजलेल्या फितीची होती. 'मीठ'च्या शेवटी झांजेवर तारांचा कुंचला फिरव म्हणून तो चार वर्षे ओआराबिलेच्या मागे लागला होता. मिठावरचा वारा हवाय मला, म्हणायचा. तो वारा नव्हताच. तेबात्सोच्या फितीची ती झीज होती, आणि त्याने तीसुद्धा जशीच्या तशी उचलली होती.

"होतं असं," गालेबोए हलकेच म्हणाला. "कानाला कुठं दार असतं?"

"आणि माउनला काय वाजवायचं?" ओआराबिलेने विचारले. त्याच्या आवाजात अजून राग होता, आणि रागाखाली काळजीही.

 सेआबेलो फात्सिमोकडे बघत होता. मागच्याच महिन्यात ती सरावाला आली होती. पत्र्याला टेकून तिने 'मीठ' अथपासून इतिपर्यंत ऐकले, टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांना भाकरी वाढली आणि निघून गेली. म्हणजे तेव्हाच ओळखले असेल का? पेटी भरून कॅसेट असताना हीच का? तो परीक्षक असेल त्याच दिवशी का? एकांतात येऊन सांगता आले असते, लहानपणापासून अबुती, मोठा भाऊ, म्हणत आली होती ती त्याला. की एकांतात सांगितले तर तो दाबून टाकेल असे वाटले तिला? की भावाचे गाणे वाजावे एवढेच हवे होते, आणि बाकी सगळे त्याच्याच मनाचे खेळ? तिच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखे काही नव्हते. पाठ करून बसलेला परीक्षक जास्त सुखी असतो, असे त्याला वाटून गेले.

"गुण द्यायचे राहिलेत तुमचे," ती म्हणाली.

तुमचे. आजवर ती त्याला कधी तुम्ही म्हणाली नव्हती.

कमी गुण दिले तर ते खोटे ठरणार होते, आणि सगळ्यांना कळणार होते. पूर्ण दिले तर 'मीठ' इथेच, या टायरांच्या ढिगात, ज्याचे त्याला परत करावे लागणार होते. त्याने गिटारचे ते उतरणे पुन्हा एकदा मनात ऐकले. चार वर्षे खपून त्याने जे रचले होते त्यापेक्षा ते सुंदर होते.

"दहा," तो म्हणाला.

गालेबोएने पहिला तुकडा कापून ताटलीत ठेवला. फात्सिमोने तो घेतला नाही. पेला टायरवर ठेवून ती फाटकाकडे वळली.

"फात्सिमो," सेआबेलो उठत म्हणाला, "सरावाला आलीस तेव्हाच तुला माहीत होतं?"

ती थांबली नाही. फाटक ओलांडून ती वाळूच्या रस्त्याने चालत गेली.