पुढचं वाक्य

"पाहुण्याला त्याच्या दारापर्यंत सोडून यायचं हं. माईक बंद झाला म्हणजे पाहुणा गेला, असं नसतं. आत्ताच त्याने पोटातलं काढून आपल्यापुढे ठेवलंय. आता तो रस्त्याने कसा चालेल, ते तुला काय माहीत?"

थोरल्या बाईंचं हे सांगणं ताईंच्या कानात अजून तसंच होतं. रेडिओवर त्यांच्या हाताखाली ताई बोलायला शिकल्या, आणि बोलण्यापेक्षा गप्प बसायला जास्त शिकल्या. मुलाखत आटोपली की थोरल्या बाई पिशवी काखोटीला मारायच्या आणि पाहुण्याच्या शेजारून चालू लागायच्या. मग तो मोठा सर्जन असो की खालचा पहारेकरी. आता थोरल्या बाई नव्हत्या आणि ते रेडिओ केंद्रही नव्हतं. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत 'उशाशी' नावाचा पॉडकास्ट करायचे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि आपण त्याच्या उशाशी बसून आहोत, अशा माणसांशी गप्पा. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे पाहुणा आधी घामाघूम व्हायचा आणि मग बोलायला लागायचा.

"आपल्याकडे सगळे मोकळे होतात ते उकाड्यामुळे," धाकटा म्हणायचा. "सुटका व्हावी म्हणून बोलून टाकतात."

सकाळी उठल्यापासून कामाला बसेपर्यंत ताईंचं मौन असे. कित्येक वर्षांचा नेम होता तो, पाहुण्यांनाही ठाऊक असलेला. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द हाताळायचे, तर आधी आपले जरा निवू द्यावेत, एवढाच त्यामागचा विचार. धाकटा नेमक्या त्याच वेळात मनातलं सगळं बोलून घ्यायचा, कारण उलट उत्तर येणार नाही याची त्याला खात्री असायची.

हल्ली त्याचं बोलणं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबायचं. आपलं कोणी ऐकत नाही.

"पाहुणे काही म्हणजे काही करत नाहीत, ताई. येतात, रडतात, चहा पितात, जातात. त्या दातांच्या डॉक्टरांनी आपला भाग कोणाला पाठवला, माहीत आहे? स्वतःला. बायकोला पाठवला तर म्हणे आवाज ऐकून हसेल. लग्नात कोणाशेजारी नुसतं उभं राहिलं तरी फोटो टाकतात लोक, आणि इथे एवढं बोलून गेल्यावर दोन ओळी लिहायला हात दुखतो."

मौन सुटल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "पण पाहुण्याला कामाला लावायचं का रे?"

"हा पाहुणा वेगळा. याला वाढायचंही आपण, आणि ताट मात्र त्यालाच उचलायला सांगायचं. अशीच रीत आहे आता." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "हे असंच चाललं तर खोली सोडावी लागेल. मी पुन्हा नोकरी शोधेन. तू काय करशील, ते तूच ठरव."

ठरवण्यासारखं ताईंपाशी काही नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, रेडिओ बंद पडला तेव्हा जवळची एवढी एकच कला उरली होती: समोरच्याला बोलू देणं. ती या गाद्यांच्या खोलीबाहेर कोणाला हवी होती?

मग धाकट्याने बेत आखला. प्रत्येक पाहुण्याच्या बोलण्यातला मिनिटभराचा तुकडा कापायचा, त्याला साजेसं चित्र लावायचं, आणि तो आपल्या माणसांना पाठवा अशी पाहुण्याला गळ घालायची. गळ ताईंनी घालायची. "तुझा आवाज ऐकून कोणाला नाही म्हणवत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. ताईंना ते आजवर देवाचं देणं वाटत आलं होतं.

त्यानंतरची पहिली पाहुणी होती रफूवाली.

धुलाईच्या मोठ्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती फाटके कपडे रफू करायची. घरी सासूबाई कित्येक वर्षं पडून होत्या, त्यांचं सगळं तीच करायची. बोलताना तिची बोटं टेबलावरच्या कापडाची कड चाचपत राहिली. एका ठिकाणी धागा सुटला होता, तो तिने बोलता बोलता आत खोचून टाकला.

"रात्री मी त्यांचा श्वास ऐकत पडते," ती म्हणाली. "कधी कधी वाटतं, थांबला तर बरं." ताई काही बोलल्या नाहीत. थोरल्या बाईंनी शिकवलेलं हेच होतं, इथे बोलायचं नाही. मग रफूवाली म्हणाली, "मग मी उठते, त्यांचं पांघरूण सारखं करते, आणि हात त्यांच्या छातीवर ठेवूनच झोपते. थांबला तर मला कळायला हवं ना."

बोलणं संपलं. तिने डोळे पुसले, पंखा लावल्यावर जरा हसली. "एवढं तर मी नवऱ्याशीही कधी बोलले नाही." ताई तिच्याबरोबर निघाल्या. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेल्या असतील, तेवढ्यात वरून हाक आली.

"ताई, आधी हे ऐकायला ये. यात सोनं आहे."

"सांभाळून जा हं," म्हणून ताई मागे फिरल्या.

धाकट्याने तुकडा तोवर निवडलाही होता. तो 'थांबला तर बरं'पाशी संपत होता. त्यानंतर नुसती शांतता.

"आणि पांघरुणाचं?" ताईंनी विचारलं.

"ते पूर्ण भागात आहेच की. सगळं इथेच वाढलं तर तिकडे जेवायला कोण जाईल?"

ताईंना ते पटलं नाही. पण तुकडा ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येणं म्हणजे काय, हे रेडिओवर जन्म काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी मान हलवली.

मग रफूवालीला फोन केला.

"घरच्यांच्या ग्रुपवर मी 'हो' आणि 'पोचले' एवढंच लिहिते, ताई," ती संकोचून म्हणाली.

"मग एकदा तरी कळू दे ना त्यांना, तुम्ही किती करता ते."

"आमच्या कामात टाका दिसला की काम फसलं."

"आपल्याच माणसांना दिसला तर काय बिघडलं?"

पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. कोणीतरी तिला लवकर आटप म्हणालं. "तुम्ही म्हणताय तर पाठवते," ती म्हणाली. "तुम्ही नीट ऐकलंय ना? मला माझा आवाज ऐकवत नाही."

"ऐकलंय," ताई म्हणाल्या. "मी आहे ना."

तुकडा गेला आणि वणव्यासारखा पसरला. तो ऐकलेल्या कोणीतरी दुसऱ्याला पाठवला, त्याने आणखी चौघांना. अनोळखी बायका खाली लिहून गेल्या की आमच्या मनातलं बोललात. काहींनी शिव्याही घातल्या. धाकटा दिवसभर पडद्यासमोर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी पहिल्या नंबराला असायचा तसा तजेला होता. पूर्ण भागाकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही. "वळतील," तो म्हणाला.

पुढे एका सकाळी मौनात असतानाच ताईंच्या फोनवर रफूवालीचा निरोप आला, तिच्या आवाजातला. ताईंनी फोन कानाशी धरला.

"ताई, आत्ता तुमचं मौन असेल, म्हणून फोन नाही केला. वन्संनी ऐकलं ते. परवा आल्या होत्या, आईंच्या उशाशी बसून मोठ्याने लावलं. म्हणाल्या, ऐक तुझ्या सुनेची सेवा. परत परत लावलं. मी स्वयंपाकघरात होते. मला माझाच आवाज ओळखू आला नाही आधी. आई काही बोलल्या नाहीत हो. मी घास घेऊन गेले तर तोंड मिटून घेतलं. म्हणाल्या, तू बस गं जरा, दमली असशील. तेव्हापासून माझ्या हातचं काही घेत नाहीत. पाणी तेवढं घेतात, तेही हे देतात तेव्हा. आणि रात्री श्वास दाबून घेतात, ताई. मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी हात ठेवायला गेले, तर अंग चोरून घेतलं. तुमच्यावर राग नाही माझा. एवढंच विचारायचं होतं. माझं पुढचं वाक्य कुठे गेलं?"

ताईंनी तो निरोप पुन्हा लावून ऐकला. मौन सुटताच त्यांनी फोन धाकट्यापुढे ठेवला. त्याने ऐकलं. तजेला उतरताना दिसला.

"काढून टाक," ताई म्हणाल्या.

"काढतो. पण लोकांच्या फोनमधून कसं काढू?"

"मग पूर्ण पाठव. तिच्या घरी पाठव."

तेही झालं. रफूवालीच्या नवऱ्याने ते बहिणीला पाठवलं. बहिणीचं उत्तर आलं: अंगाशी आल्यावर चिकटवलेलं शेपूट आहे हे. नवरा मध्ये पडला नाही. तो दोन्हीकडून कानकोंडा झाला होता, आणि तसाच कामावर जात-येत होता.

संध्याकाळी ताईंनी तिला फोन केला. "मी येते," त्या म्हणाल्या. "मी स्वतः घेऊन येते तुमचं वाक्य. सासूबाईंना माझ्या हाताने ऐकवते."

"याल?" पलीकडून आलं. त्या आवाजात आशा अशी नव्हती. दुकान बंद व्हायच्या वेळी कोणी आलं तर नाही म्हणवत नाही, तसं काहीसं. "उद्या सकाळी या. वन्सं नसतात."

फोन ठेवल्यावर ताई मूळ रेकॉर्डिंग लावून बसल्या. पहिलं वाक्य, शांतता, पुढचं वाक्य. पुन्हा पहिलं, शांतता, पुढचं. त्यांना वाटलं होतं, पूर्ण ऐकलं की आधीच्या शब्दांचं विष उतरेल. तसं काही झालं नाही. पुढचं वाक्य आधीच्याला पुसत नव्हतं, ते फक्त त्याच्या शेजारी येऊन बसत होतं. ती बाई थांबला तर बरं म्हणाली होती, आणि ते खरंच म्हणाली होती. म्हातारीने ऐकलं ते खोटं नव्हतंच. मग उद्या जाऊन ऐकवायचं काय? सुनेला वाटायचं तेही खरं आणि पांघरूण घालायची तेही खरं, हे अंथरुणावरच्या माणसाने कोणत्या बळावर समजून घ्यायचं? ज्याला उठून जाताही येत नाही, त्याने?

देवापुढे बसल्यावरही त्यांना मागण्यासारखं काही सुचेना. इतकी वर्षं नेम पाळून आपण शब्द निवू देत होतो म्हणे. रफूवालीला फोन केला तेव्हाचा आपलाच मऊ आवाज त्यांना आठवला, आणि त्या न जेवताच उठल्या.

सकाळी त्या नेहमीसारख्या उठल्या. पिशवीत रेकॉर्डर घातला, मोठे मऊ हेडफोन घातले. म्हातारीच्या कानाला टोचू नयेत म्हणून एकदा स्वतः घालून पाहिले. धाकटा रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. तो दारात आडवा आला.

"ताई, निदान मौन सुटल्यावर जा. जाऊन बोलणार काय?"

ताईंनी पिशवी उचलली.

"आणि नाही ऐकलं त्यांनी तर?" तो म्हणाला. "किंवा सगळं ऐकून आणखीच बिनसलं तर? मी येऊ का बरोबर? कापलं मी होतं."

त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मानेनेच नाही म्हटलं. तो बाजूला झाला.

चष्म्याचं दुकान अजून उघडलं नव्हतं. जिन्यात रात्रीचा कोंदट वास होता. पहिल्या वळणावर, त्या दिवशी जिथून मागे फिरल्या होत्या तिथे, ताई क्षणभर थांबल्या. वरून कोणी हाक मारली नाही. कठड्याला धरून त्या उरलेल्या पायऱ्या उतरल्या, पिशवी काखोटीला मारली, आणि रफूवालीच्या घराकडे चालू लागल्या.