हिरामणच्या घरचे पाणी

दत्तात्रेय मास्तरांनी देवळासमोरच्या धुळीत काठीने नदी ओढली, तिच्या तोंडाशी समुद्र दाखवला आणि काठावर एक खडा ठेवला. हे रोम, म्हणाले. समोर बसलेल्या शेतकऱ्यांनी खडा नीट पाहून घेतला. नदीच्या मुखाशी या लोकांची मिठागरे होती असे कळल्यावर मंडळी जरा सैलावली. मिठागरवाला माणूस म्हणजे आपल्यातलाच.

किहीमच्या दक्षिणेला खारपट्टीत हे गाव होते. खोताची शेते यंदा कसायची नाहीत, असे गावाने चैत्रात देवासमोर ठरवले होते. संपाचा पुढारी रावजी. मास्तर मनाने संपाच्या बाजूचे, पण पगार शाळाखात्याचा, त्यामुळे उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून ते रोमच्या आडून बोलत. आडून बोलले की ऐकणारा त्यातून काय उचलेल, याचा नेम नसतो.

मास्तरांनी सांगितले ते असे. भोवतालच्या लॅटिन गावांनी एकजुटीने रोमशी लढाई केली आणि ती हरली. पण रोमने सगळ्यांना एकच शिक्षा केली नाही. प्रत्येक गावाशी वेगळा करार केला. एकाला पुरे हक्क दिले, दुसऱ्याला अर्धे, तिसऱ्याची जमीन कापून घेतली, आणि आपसात सभा भरवायला मनाई केली. पुढे त्याच गावांची पोरे रोमच्या फौजेत भरती झाली आणि त्यांच्या जोरावर रोमने सारा इटली देश घेतला.

मास्तरांना म्हणायचे होते, जुळून राहा. रावजीने मात्र एवढेच विचारले, "पहिला कोन फुटला?"

तसे कुणी फुटले नव्हते, असे मास्तरांनी समजावले. रावजीने मान हलवली, पण त्याला ते पटलेले दिसले नाही.

वैशाखात खोताने विहीर बंद केली. गावात गोडे पाणी तेवढेच, खोताच्या नारळाच्या वाडीतले. बाकी विहिरींचे पाणी मिठासारखे. वाडीच्या फाटकावर नामा राखणदार बसला आणि बायकांचे हंडे रिकामे परत येऊ लागले. संपातल्याच हिरामणची बायको ठमाबाई गेली, तर नामाने फाटक उघडले. बिचारीला वाटले, बंदी उठली. येताना तिने शेजारणींना अर्धा हंडा वाटून टाकला. दुसऱ्या दिवशीही फाटक तिच्या एकटीसाठी उघडले. त्यानंतर शेजारणींनी तिच्या हातचे पाणी घेतले नाही. मैलभर चालून डबक्यातले गढूळ पाणी त्या फडक्याने गाळू लागल्या.

रावजीची राही हिरामणच्या सदूला दिलेली. साखरपुडा झाला होता, म्हणून रावजीला हे फार लागले. एकदा संशय शिरल्यावर त्याला भराभर आठवू लागले. हिरामण अलिबागला दोनदा एकटाच गेला होता. सभेत तो मागे बसतो. रोमची गोष्ट चालली होती तेव्हा तो खाली बघत होता. खाली तर सगळेच बघत होते, नदी धुळीतच काढली होती. पण हे रावजीला कोण सांगणार?

हिरामण साधा आणि अबोल. त्याने ठमाबाईला विहिरीवर जायला बंदी केली, तर गाव म्हणाले, आता नाटक करतोय. शेवटी भर दुपारी तो उठला आणि खोताच्या ओटीसमोर जाऊन उभा राहिला.

"धनी, माज्या घराचंबी पानी बंद करा," तो म्हणाला.

खोत सुपारी कातरत होता. त्याने वरही पाहिले नाही. "का रे? तू आमचं काय वाईट केलंयस?"

"मी संपात हाय."

"असशील. तहान लागतेच ना?"

हिरामण परत निघाला, तेव्हा त्याच्या मागे खोताची बैलगाडी निघाली. गाडीत गोड्या पाण्याची पिंपे होती आणि हाकायला नामा. हिरामणने हात जोडून गाडी वळवायला सांगितले. दारात उतरवायचा हुकूम आहे, नामा म्हणाला. हिरामण भरभर चालला की बैल भरभर चालत, तो थांबला की थांबत. पिंपांतले पाणी डचमळून रस्त्यावर सांडत होते. दारादारांतून माणसे बाहेर आली होती.

मास्तर धावत रावजीकडे गेले. म्हणाले, ज्याला जास्त मिळते त्याने ते मागितलेले नसते. बाकीच्यांनी त्याच्याकडे संशयाने बघावे म्हणूनच रोम ते देत होते. हिरामणला एकदा विचारा तरी.

"गोष्ट तुमीच सांगितलीत, मास्तर," रावजी म्हणाला. "आता सारवासारव कशाला?"

आणि मास्तर तरी खोताचे नसतील कशावरून, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. त्याच संध्याकाळी राहीच्या साखरपुड्याची साडी परत गेली. हिरामणच्या ओटीवर ती ठेवताना रावजीच्या बायकोने ठमाबाईकडे पाहिलेसुद्धा नाही.

पाण्याची पिंपे अंगणात तशीच उभी होती. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

चार दिवस हिरामणशी गावात कुणी बोलले नाही. पाचव्या दिवशी तो कुदळ घेऊन खोताच्या शेतात ढेकळे फोडायला उतरला. खोताने त्याला बोलावले नव्हते.