पंचमीची भरती

चार वाजता पोर्टल बंद होणार होतं आणि सागरविज्ञानाचं शेवटचं गणित मला सुटत नव्हतं. अमावस्येला दुपारी बारा वाजता भरती असेल, तर पाच दिवसांनी कधी असेल? ॲपला मोठ्याने तीनदा विचारलं, तर त्याने तीन वेगळी उत्तरं दिली. वर्गातली रुचिरा फोन उचलत नव्हती. याच विषयात मी एकदा उडाले होते. परत उडाले तर वर्षाची वाट लागणार.

"पंचमी ना?" पप्पा स्वयंपाकघरातून म्हणाले. आम्ही ख्रिश्चन, पण पप्पा मार्व्याच्या खाडीत होडी घालायचे, म्हणून आमच्याकडे क्रॉसच्या शेजारी तिथीचं कॅलेंडर असतं. "तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती."

"उत्तराला कोण विचारतंय?" मी ओरडले. "मार्क स्टेप्सना असतात. तुझ्याकडे आहेत स्टेप्स?"

पप्पा हात पुसत आले, माझ्या शेजारी बसले आणि माझ्या वहीत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहू लागले.

स्टेप एक. बापाने शिकवलं.

स्टेप दोन. एकदा माझी तिथी एका दिवसाने चुकली. परत येताना पाणी ओसरलं होतं, होडी खडकाला लागली.

स्टेप तीन. ॲड्रियन बुडाला.

ॲड्रियन म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. आमच्या घरात त्याचं नाव कोणी काढत नाही.

घड्याळात चारला दोन मिनिटं होती. पप्पांनी वही माझ्याकडे सरकवली.

"एवढ्या स्टेप्स पुरतात का गं?"