हलक्या पायाची तक्रार

पंजाबराव तुमसरकडचा. मँगनीजच्या खाणीवर दहा वर्षं ट्रक चालवला, आणि भिलाईत पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तसा एका ठेकेदार कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागला. पहिली भट्टी अजून पेटायची होती. त्याचा हात पाहून कंपनीनं त्याला मोठ्या साहेबांच्या नव्याकोऱ्या मोटारीवर बसवलं.

त्या मोटारीत पहिल्या आठवड्यापासून एक खोड होती. जोरात पाय दाबला की सरळ धावायची. हलका पाय ठेवून हळूहळू वेग वाढवायला गेलं की मात्र गचका द्यायची, दम कोंडल्यासारखी क्षणभर अडायची आणि मग पुढे जायची. बांधकामावरच्या रस्त्यांवर तर सगळं काम हलक्या पायाचंच. दोन्ही बाजूंना सळयांचे ढीग आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या रेजा, म्हणजे मजूर बाया. तिथं जोरात पळवणार कोण?

त्यानं साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी गाडी रायपूरला, जिथून घेतली होती त्या एजन्सीत न्यायला सांगितली. तिथं लोकांनी प्लग पुसले, गाडी धुतली आणि परत दिली. परतीच्या वाटेवर कुम्हारी गाव यायच्या आतच तिनं तीन गचके दिले. दुसऱ्या खेपेला गाडी चार दिवस ठेवून घेतली. एजन्सीचा मॅनेजर स्वतः चक्कर मारून आला, पण भरधाव. पंजाबराव म्हणाला, मला शेजारी बसवा, कुठं अडते ते दाखवतो. मॅनेजरनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग एके दिवशी साहेब दोन रशियन इंजिनियरांना घेऊन निघाले, आणि ऐन फाटकात, रुळांवर, गाडी अडली. रशियन एकमेकांकडे बघून हसले. साहेबांना ते हसू झोंबलं. गाडी तिसऱ्यांदा रायपूरला गेली ती त्यांच्या खरमरीत चिठ्ठीसकट.

या खेपेला बॉनेट उघडलं ते शामराव मिस्त्रीनं. नागपूरचा माणूस, आपल्या बोलीचा. त्यानं कार्बोरेटर खोलून जेट उजेडासमोर धरला आणि हळूच म्हणाला, "हलक्या पायाले पेट्रोल या बारीक जेटातून जाते. याचं भोकच लहान पाडलं हाय. या लॉटच्या आणखी दोन गाड्यांत हेच निघालं. तुयी काही चूक नाही, भाऊ."

पंजाबरावाला हायसं वाटलं. पण संध्याकाळी गाडीबरोबर जो कागद आला, त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की गाडीत दोष नाही. ड्रायव्हरला ट्रकची सवय असल्यानं त्याचा पाय नीट पडत नाही. खाली सही शामरावाची.

साहेबांनी कागद वाचला, फायलीला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून पंजाबरावला रिसालीकडून मुरूम आणायच्या डंपरवर पाठवलं. मोटारीवर फकिरा नावाचा नवा ड्रायव्हर आला.

महिनाभरानं फकिराच सांगत आला. रविवारी साहेब स्वतः बायकोला घेऊन दुर्गला गेले होते. बाजारातून हळू जाताना गाडी चार वेळा अडली. साहेबांनी एजन्सीच्या मालकाला टेलिफोनवर फैलावर घेतलं; नवा जेट आला, अर्ध्या तासात बसला. आता गाडी लोण्यासारखी चालते.

कारखान्यात कायम ड्रायव्हर घेणार असल्याची बातमी तेव्हा पसरली होती. अर्जासोबत कंपनीची फाईल जायची. पंजाबराव साहेबांकडे गेला, म्हणाला, तेवढा कागद काढून टाका. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की गाडी ठीक झाली, गोष्ट संपली, आता उकरून काय काढायचं.

बायकोनं, प्रेमलानं, त्याला रायपूरला जायला लावलं. मिस्त्री आपल्यातला आहे, दोन ओळी लिहून देईल, असं तिला वाटत होतं. शामरावनं त्याला वर्कशॉपच्या मागे नेलं, चहा मागवला.

"जेट बदलला हे लिहून द्या, शामरावभाऊ. बाकी काई नोको."

"रजिस्टरात नुसती सर्व्हिसिंग लिहिली हाय. मालकानं तसंच लिवाले लावलं."

"पण तुमाले तं ठाऊक हाय."

"मले ठाऊक हाय," शामराव म्हणाला, "अन् मले चार पोरीही हायेत."

 परतीच्या पॅसेंजरला दोन तास होते, म्हणून पंजाबरावनं चहा पिऊन टाकला. शामराव त्याला स्टेशनपर्यंत सोडायला निघाला होता. त्यानं नको म्हटलं.

कारखान्याची यादी लागली. फकिराचं नाव होतं, पंजाबरावचं नव्हतं. फकिरा पेढे घेऊन घरी आला. प्रेमलानं ते घेतले, आणि तो गेल्यावर शेजारच्या चंपाच्या हातावर ठेवले.

पंजाबराव मुरूम वाहत राहिला. पावसाळा संपता संपता डंपरचा ब्रेक सैल लागायला लागला. पायाला ते पहिल्याच दिवशी कळलं. रोज सकाळी मुकादम वही घेऊन यायचा, गाडीची काही तक्रार आहे का विचारायचा. पूर्वीचा पंजाबराव असता तर त्यानं मुकादमाला हात धरून चाकापाशी नेलं असतं.

"काही नाही," तो म्हणायचा. "ठीक हाय."

मुकादम तसं लिहून घ्यायचा, आणि पंजाबराव उताराच्या रस्त्यानं भरलेला डंपर घेऊन निघायचा.