आतल्या भिंतीवरचा ओरखडा

मित्रांनो, पोट असूनही ज्याच्या पोटात काही टिकत नाही, असा मी एक जुना साचा आहे. अल्माटीतल्या एका प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या फळीवर मी असतो. माझा जीव कधीच थाऱ्यावर नसतो. का, ते सांगतो.

आईच्या पोटातल्या बावीस आठवड्यांच्या बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. पुढच्या महिन्यांत त्यावर घड्या पडत जातात. त्या कशा पडतात, हे इथली माणसे शोधतात. अशाच एका बाळाच्या स्कॅनवरून यंत्राने मेंदूचा गोळा बनवला, त्याभोवती कडक प्लास्टिक ओतून मला घडवले आणि मधोमध चिरून माझे दोन भाग केले.

माझ्यासारख्या साच्यात मऊ जेल ओततात. ते घट्ट झाले की गोळा बाहेर काढतात, त्याला दुसऱ्या जेलचा पातळ लेप देतात आणि द्रवात बुडवतात. लेप द्रव पिऊन फुगतो, आतला गोळा फुगत नाही. वाढलेल्या लेपाला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून तो दुमडतो. तोवर मी रिकामा होऊन बाजूला पडलेला. काचेच्या भांड्यात काय झाले, ते मला माणसांच्या बोलण्यावरूनच कळते.

ओतणे, काढणे, धुणे ही कामे बातिमा आपाय करायच्या. साठीच्या, हाताला चपळ, तोंडाने त्याहून चपळ. इथे मानाने बाईला आपाय म्हणतात, पुरुषाला आगाय. एकदा जेलचा तुकडा माझ्या कोपऱ्यात चिकटून बसला. त्यांनी विणकामाची लोखंडी सुई काढली आणि टोकरून तो काढला. माझ्या आत बारीक ओरखडा उमटला. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

त्यानंतरच्या पहिल्याच गोळ्याच्या वेळी बातिमा आपाय भांड्यापाशी उभ्या होत्या. अचानक त्या मार्गिकेतून धावत सुटल्या. "स्युयिन्शी! स्युयिन्शी, शोल्पान!"

आमच्याकडे आनंदाची बातमी आणणारा असे ओरडला की ऐकणाऱ्याला आधी काही द्यावे लागते, मग बातमी. शोल्पान ही तरुण संशोधक. तिने गळ्यातली शाल काढून दिली. "घ्या, पण लवकर बोला!"

"आली तुझी घडी! बाळाला येते अगदी तिथेच!"

शोल्पानला हेच हवे होते. नुसत्या आकारामुळे आणि दाटीमुळे घडी ठरल्या जागी पडते, असे तिला दाखवायचे होते. अकरा गोळे झाले, अकरा वेळा घडी तिथेच. प्रमुख सागिनदीक आगाय पाहुण्यांना मला उचलून दाखवू लागले. पुढे डॉक्टर याच कामावरून गर्भातल्या बाळांच्या घड्या तपासणार होते. घडी जागेवर नसेल, तर कुणा आईला सांगणार होते की बाळात दोष आहे.

आणि मला ठाऊक होते. माझ्यातला ओरखडा म्हणजे गोळ्यावर उमटणारा बारीक उंचवटा. उंचवट्यावर लेप पातळ बसतो, आणि तो तिथेच आधी दुमडतो. जितकी स्तुती होई, तितका मी आतून कासावीस होई.

शुक्रवारी शोधनिबंध छपाईला जायचा होता. गुरुवारी मला धुताना बातिमा आपायांचे बोट अडले. त्यांनी मला उजेडात धरले. चहा ओतला, प्यायल्या नाहीत. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मग शाल काढून त्यांनी शोल्पानच्या टेबलावर ठेवली.

"स्युयिन्शी परत करायला आलेय."

"आपाय, असं कोणी परत करतं का? अपशकुन कशाला करता?"

"बातमीच खोटी निघाली, तर शाल कुठल्या तोंडाने पांघरू? इथं बोट फिरव."

शोल्पानने बोट फिरवले. तिचा चेहरा उतरला. "सुई?"

"माझीच."

"अकरा वेळा, आपाय! अकरा वेळा खोटं बोलला हा साचा माझ्याशी!"

मित्रांनो, ते मला फार लागले. माझ्या अंगावर जे होते, तेच मी दिले होते.

हे कळताच सागिनदीक आगायांनी कपाळाला हात लावला. "मी मंत्रालयातल्या लोकांनासुद्धा सांगून बसलोय! इतका बारीक ओरखडा, कोण पाहणार आहे?"

"मी पाहिलाय ना आगाय," शोल्पान म्हणाली. शोधनिबंध शुक्रवारी गेला नाही. त्याच शुक्रवारी तिने शाल बातिमा आपायांच्या खांद्यावर टाकली. "ठेवा. खरी बातमी तर तुम्ही काल आणलीत."

नवा साचा आला. त्यातून पुन्हा अकरा गोळे काढले. आठांत घडी जागेवर पडली, तिनांत सरकली. शोल्पानने लिहिले होते 'दर वेळी'. ते खोडून तिने 'बहुतेक वेळा' केले. त्या एका शब्दामुळे उद्या घडी थोडी सरकलेली दिसली, तरी एखाद्या आईला कोणी उगाच घाबरवणार नाही.

मी आता फळीवर धूळ खातो. त्याचे दुःख नाही. पण समोर नवा साचा आहे, गुळगुळीत, सगळ्यांच्या कौतुकाचा. कौतुक ऐकले की मला पुन्हा धडधडू लागते. मित्रांनो, एवढे करा. ज्या वस्तूच्या शब्दावर तुम्ही विसंबता, तिला जपून धुवा, लोखंड लावू नका आणि दर वेळी उजेडात धरून पाहा. तिचे दुखणे तिला सांगता येत नाही.