सातवी फळी

मित्रांनो, मी एक जुना झुलता पूल आहे. सोचा नावाच्या डोंगरी नदीवर, दोन कड्यांच्या मधे, दोन जाड तारांना लटकून गेली एकसष्ट वर्षे मी झुलतो आहे. लांबी म्हणाल तर जेमतेम तीस पावले. मोठ्या पुलांच्या मानाने मी अगदीच चिमुरडा. पण माझ्या पायाखालच्या पाण्यासारखे पाणी दुसऱ्या पुलाने दाखवावे, मी जन्मभर गप्प बसेन.

या पाण्याचा रंग मला अजून सांगता येत नाही. सकाळी कड्याची सावली असते तेव्हा ते गर्द हिरवे दिसते. ऊन उतरले की निळे होते, आणि पांढऱ्या गोट्यांवरून धावताना त्याला रंगच उरत नाही. वरच्या शिखरांवरचा बर्फ वितळून ते येते, म्हणून भर जुलैतही त्यात पाय घातला की माणूस ओरडतो. तळाशी पडलेले पान दिसते. दगडाआड उभा असलेला, अंगावर संगमरवरासारखी नक्षी असलेला ट्राउट मासा दिसतो. पाणी कमरेएवढे वाटते आणि असते दोन पुरुष खोल. एकसष्ट वर्षे रोज बघतो आहे, तरी सकाळी धुके वर उचलले जाते आणि खाली नदी दिसते, तेव्हा माझा ऊर भरून येतो. आपण हिच्यावर टांगलेलो आहोत यावर माझाच विश्वास बसत नाही.

माझा जन्म पुरातून झाला. आधीचा ओंडक्यांचा पूल एका शरद ऋतूत नदीने काडीसारखा उचलून नेला. तेव्हा दोन्ही काठांवरची बारा घरे एकत्र आली. डोंगरावरून लाकडे उतरवायच्या जुन्या तारा त्यांनी ओढून आणल्या, लार्चच्या झाडाच्या फळ्या कापल्या आणि मला उभे केले. काठांजवळच्या फळ्या सगळ्यांच्या. पण मधल्या बारा फळ्या, ज्यांच्याखाली खोल डोह आहे, त्या बारा घरांच्या, एका घराची एक. प्रत्येक फळीवर त्या घराची खूण तापल्या लोखंडाने उमटवलेली. कुणाची घंटा, कुणाची कुऱ्हाड, कुणाचा मासा.

मेंढ्या वरच्या कुरणांत चढवायच्या आधीच्या रविवारी सगळे जमायचे. ज्याने त्याने आपली फळी तपासायची, कुजली असेल तर नवी घालायची. दुसऱ्याच्या फळीला कुणी बोटही लावायचे नाही. लावलेच, तर त्याचा अर्थ एकच. तुमच्या घरात आता कुणी उरले नाही, असे तोंडावर सांगणे. या गोष्टीवरून इथे लग्ने मोडली आहेत, हसू नका.

पुढे पाहुणे यायला लागले आणि माझा भाव वधारला. कुणी गळ टाकायला यायचे, कुणी रबरी तराफ्यातून उड्या खात जायचे, कुणी कयाक नावाच्या निमुळत्या होड्या वल्हवायचे. माझ्या मधोमध उभे राहून सगळे आधी बडबडायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणे मला फार आवडायचे. एका नवरदेवाने तर खाली बघता बघता हातातली टोपी सोडून दिली आणि त्याला कळलेही नाही.

आता सातव्या फळीविषयी सांगतो.

सातवी फळी लुद्विकची. तिच्यावर माशाची खूण होती. लहानपणापासून हा लुद्विक त्याच जागी उभा राहून खाली बघत बसायचा, आणि त्याची बहीण अल्बिना पलीकडच्या काठावरून हाका मारायची, "अरे, दूध नासलं! नदी काय पळून चाललीये?" मोठेपणी तो ऑस्ट्रेलियात कामाला गेला. घराला कुलूप लागले. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्यावर येऊन बराच वेळ उभा राहिला. अल्बिनाला म्हणाला, "फळी जुनी झालीये. नवी कापून माळ्यावर वाळत ठेवलीये. आलो की पहिली तीच बसवतो."

मित्रांनो, तो आला नाही. पत्रे येत, मग ती कमी झाली, मग थांबली. सव्वीस वर्षे गेली. फळी काळी पडली, मऊ पडली, तिच्या फटीत शेवाळ आले. पण तिला हात कोण लावणार? अल्बिना चौऱ्याहत्तर वर्षांची झाली होती आणि तिचा एकच हेका होता, लुद्विक येईल आणि स्वतः बसवेल.

टपाल वाटणारा ड्रागो दुपारी पाहुण्यांना कयाक शिकवायचा. तो तिला दरवर्षी म्हणायचा, "मावशी, तुम्ही नुसतं हो म्हणा. अर्ध्या तासाचं काम आहे."

"माझ्या भावाच्या फळीला हात लावलास तर तुझी टपालाची पिशवी नदीत टाकीन."

एकदा त्याने तिथे धोक्याची लाल चिंधी बांधली. अल्बिनाने ती सोडून त्याच्या हातात दिली आणि महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

मग लोकांनी आपली सोय केली. सहाव्या फळीवरून लांब ढांग टाकून थेट आठव्या फळीवर जायचे. इथल्या मुलांना हे चालायला शिकतानाच शिकवले जायचे. अल्बिनाच्या मेंढ्याही त्या जागी टुणकन उडी मारायच्या. पाहुण्यांपैकी एका बाईने वहीत लिहून घेतले की इथल्या लोकांची पूल ओलांडताना नाचायची प्रथा आहे. मला हसू आले खरे, पण आतून मी घाबरलेलो होतो. माझ्या अंगावर सगळ्यात सुंदर जागा ती, आणि तिथेच कुणी थांबत नव्हते. दुखणे आपल्याला ठाऊक असावे आणि तोंड नसावे, यासारखी वाईट गोष्ट नाही.

गेल्या उन्हाळ्यात ब्रिना नावाची दहा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली. पूर्वेकडच्या सपाट मुलखातली माणसे. त्यांच्याकडची नदी मातकट आणि संथ. ते आठवडाभर ड्रागोकडे कयाक शिकणार होते. पहिल्याच सकाळी ब्रिना अंगात तरंगायचे जाकीट घालून, हातात वल्हे घेऊन वडिलांच्या पुढे धावत माझ्यावर आली. मधल्या फळ्यांपैकी पाचवी, सहावी, आणि तिने खाली पाहिले.

ती थांबली. वल्हे खाली ठेवायचेही तिला सुचले नाही. अर्ध्या पावलाने पुढे सरकली आणि बरोबर सातव्या फळीवर उभी राहिली.

खाली काठावर होड्या उतरवणारा ड्रागो ओरडला, "सातवी ओलांड!" नदीच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? पलीकडून अल्बिना पाठीवर रिकामी टोपली घेऊन गावाकडे निघाली होती. तिने मुलीला पाहिले आणि टोपली टाकून ती माझ्यावर चढली.

"पोरी, हलू नकोस. जागची हलू नकोस, बाळा."

मी माझ्या तारांना बजावत होतो, जरा दम धरा, झुलू नका. पण सव्वीस वर्षे कुजलेले लाकूड कुणाचे ऐकते? फळी मधोमध मोडली. मुलगी काखेपर्यंत खाली गेली. अल्बिना आठव्या फळीवर पालथी पडली आणि तिने दोन्ही हातांनी जाकिटाचे पट्टे पकडले. तोवर वडील, श्तेफान, मागून पोहोचले. दोघांनी मिळून तिला ओढून काढले. तिचा एक बूट निसटला. तो पाण्यात पडला आणि खाली जात राहिला. सगळ्यांना तो दिसत होता, शेवटपर्यंत, तळाच्या पांढऱ्या गोट्यांना टेकेपर्यंत. तेव्हा श्तेफानला कळले की कमरेएवढे वाटणारे पाणी किती खोल आहे.

मुलगी रडत होती, गुडघा सोलला होता. हुंदक्यांमधून ती म्हणाली, "मी काही चुकीचं नाही केलं. मी नुसतं बघत होते."

अल्बिनाने तिचे डोळे पुसले. "नाही गं. तू नाही चुकलीस," एवढेच ती म्हणाली.

दुपारी खालच्या गावच्या कचेरीतून एक माणूस आला आणि त्याने माझ्या एका टोकाला साखळी लावली. "शनिवारी परत येतो. एकही कुजकी फळी किंवा भोक दिसलं तर तारा कापायच्या. खाली लोखंडी पूल आहेच."

लोखंडी पूल दोन तासांवर. माझ्या तारा कापल्या तर अल्बिनाला मेंढ्या विकून, घराला कुलूप लावून शहरात मुलीकडे जावे लागणार होते. हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी मंगळवार गेला, बुधवार गेला. गावातली माणसे काठावर येऊन त्या भोकाकडे बघत आणि परत जात. नवी फळी घालणे म्हणजे लुद्विक संपला असे अल्बिनाला सांगणे, आणि ते कुणाला जमेना. मी वाट बघत होतो. खरे सांगतो, त्या दिवसांत मी नदीकडे फार बघितले. उद्या दिसेल न दिसेल म्हणून.

शुक्रवारी सकाळी अल्बिना लुद्विकच्या माळ्यावरची ती फळी खांद्यावर घेऊन आली. सव्वीस वर्षे वाळलेली, मधासारख्या रंगाची, एकही चीर नसलेली. काठावर ड्रागो, ब्रिना, श्तेफान आणि गावातले आठदहा जण होते. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"मावशी, मी धरू?" ड्रागोने विचारले.

"एक टोक धर." दोघे साखळीखालून आत आले. सहाव्या फळीवर ती थांबली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ड्रागो, पत्र आलं होतं. त्याच्या बायकोचं. नऊ वर्षं झाली."

"मला माहीत आहे. काळ्या कडेचं पाकीट होतं, कुणी गेल्याचं कळवतात तसं. मीच आणून दिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो."

"मूर्ख आहेस," अल्बिना म्हणाली आणि रडली. सगळ्यांसमोर, आवाज करून रडली. मग नाक पुसून तिने हातोडी मागितली.

मोडक्या फळीचे तुकडे निघाले. नवी फळी जागेवर बसली. इतकी नेमकी, जणू लुद्विकने कालच माप घेतले होते. ड्रागोने माशाची खूण उमटवायचे लोखंड तापवून आणले. अल्बिनाने ते हातात घेतले आणि परत दिले.

"त्याची खूण नको. तो काही इथला मालक म्हणून उभा राहायचा नाही, तो बघायला उभा राहायचा." तिने ब्रिनाला हाक मारली. "तुमच्या घराची खूण काय गं?"

"आमच्याकडे खुणा नसतात. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो."

"मग राहू दे कोरी. ही बघणाऱ्यांची."

शनिवारी साखळी निघाली. कचेरीतला माणूस माझ्यावरून चालत गेला, मधोमध आला, त्याने खाली बघितले, आणि त्याच्या काखेतली वही तशीच राहिली.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढेच विनवायचे आहे. गेलेल्या माणसाची वस्तू आहे म्हणून तिला हात लावायला घाबरू नका. तिला पुसा, तिची डागडुजी करा, ती वापरा. हात न लावता जपलेली माझी फळी एका मुलीचा जीव घेणार होती. आणि जिने तो वाचवला असता, ती नवी फळी त्याच माणसाने कापलेली, पन्नास पावलांवर पडून होती.

अल्बिनाच्या मेंढ्या अजूनही सातव्या फळीवरून उडी मारतात. त्यांना कोण समजावणार? पण त्या शुक्रवारी, सगळे गेल्यावर, अल्बिना परत आली होती. सहाव्या फळीवर तिचा पाय सवयीने लांब पडायला गेला, मग तिने तो आखडला आणि हळूच सातवीवर ठेवला. कठड्याची तार धरून तिने खाली पाहिले. डोहात ऊन उतरले होते. तळाशी ब्रिनाचा बूट दिसत होता आणि त्याच्या सावलीत एक ट्राउट उभा होता.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हे बघत होता होय!"

तिचे दूध त्या दिवशी नासले.